पिशवी घाईत येते: शहरात कमी पॅकिंगचा किराणा

एका वाचक बाईंनी विचारलंय, की शहरात राहून कमी पॅकिंगचा किराणा कसा आणायचा. प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडवर एकविसाव्या मजल्यावर राहणारं कुटुंब, दोघंही नोकरीला, मुलगी पाच वर्षांची. सुक्या कचऱ्याचा डबा रोज भरतो हे आता डोळ्यांना खुपायला लागलंय. एकदा त्या हौसेने डबे घेऊन वाण्याकडे गेल्या, तर तो हसला. जवळपास 'झीरो वेस्ट' म्हणवणारं दुकान नाही. सुटं आणलं की किडे होतात. हे सगळं महाग पडेल का, आणि सुरुवातीला डबे कुठले घ्यावेत, असंही विचारलंय.

मी ठाण्यातच, नौपाड्यात राहते. गेली अठरा वर्षं सोसायट्यांमध्ये ओला-सुका कचरा वेगळा करण्याची घडी बसवून देण्याचं काम करते. म्हणजे लोकांच्या कचऱ्यात हात घालणं हाच माझा धंदा. त्यामुळे उत्तर द्यायच्या आधी एक काम सांगते.

या आठवड्यात सुका कचरा खाली पाठवू नका. दुधाच्या पिशव्या विसळून, बाकीचं झटकून एका गोणीत साठवा. रविवारी जुनी चादर पसरून सगळं ओता आणि ढीग करा. दूध-दह्याचा एक, बिस्किटं-वेफर्स-नूडल्सचा एक, भाजी-फळांबरोबर आलेल्याचा एक, घरपोच मागवलेल्या सामानाच्या खोक्या-पिशव्यांचा एक आणि डाळ-तांदूळ-साखर-रव्याचा एक. मोजायला मुलीला बसवा. या वयाच्या मुलांना असली कामं फार आवडतात.

मी हा उद्योग पुष्कळ घरांत केलाय. शेवटचा, किराण्याचा ढीग बहुतेक वेळा सगळ्यांत लहान निघतो. हिशेब सोपा आहे. तीन माणसांच्या घरात डाळी, तांदूळ, साखर, पोहे, रवा सगळं धरून महिन्याच्या वीस-पंचवीस पिशव्या. रोजचं दीड लिटर दूध अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या पिशव्यांनी घेत असाल, तर दुधाच्याच नव्वद. तरी 'आता कचरा कमी करायचा' असं घरात ठरलं की पहिल्यांदा काय होतं? काचेच्या बरण्या येतात, त्यात डाळी भरल्या जातात आणि फोटो निघतो. दुधाच्या पिशव्यांचा फोटो कोण काढणार!

म्हणून दुधापासून सुरुवात करा. अर्ध्या लिटरच्या तीन पिशव्यांऐवजी एक लिटरची एक आणि अर्ध्याची एक घेतली की महिन्याच्या नव्वदच्या साठ होतात. एक दिवसाआड तीन लिटर घेतलंत तर तीन मोठ्या पिशव्यांत भागतं, महिन्याच्या पंचेचाळीस. पिशवी जितकी मोठी, तितकं लिटरमागे प्लास्टिक कमी. कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो नखाएवढा त्रिकोण कुणीच उचलत नाही, सिंकमधून गटारात जातो. पिशवी विसळून दांडीवर वाळवली की भंगारवाला आनंदाने घेतो, कारण ते एकाच जातीचं, चांगल्या प्रतीचं प्लास्टिक असतं आणि त्याला भाव मिळतो. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला पन्नास पैसे परतावा द्यायचं ठरलं होतं. माझ्या दारात ते पन्नास पैसे अजून आलेले नाहीत, पण भंगारवाला येतो. दही घरी लावा. चक्का, पनीर, इडलीचं पीठ डेअरीतून आपल्या डब्यात मिळतं, त्याला कुणी हसत नाही. गवळ्याकडचं सुटं दूध घ्यायचं का, हे त्या गवळ्यावर अवलंबून आहे. ओळखीचा, भरवशाचा असेल तर जरूर घ्या आणि नीट उकळा. केवळ पिशवी वाचवायची म्हणून अनोळखी माणसाकडून घेऊ नका.

दुसरा ढीग खाऊचा. या वेष्टनांची गोम अशी की ती एका पदार्थाची नसतातच. प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा, सगळं एकमेकांना चिकटवलेलं. वेगळं करता येत नाही, म्हणून कचरा वेचणाऱ्या बायकाही त्याला हात लावत नाहीत. दुधाच्या पिशवीला गिऱ्हाईक आहे, वेफर्सच्या पाकिटाला नाही, हा फरक लक्षात ठेवला तरी दुकानात हात कुठे आखडायचा ते कळतं. यावर उपाय आपल्याकडे गल्लोगल्ली आहे: फरसाणचं दुकान. शेव, चिवडा, भाजलेले चणे, कुरमुरे, खारे शेंगदाणे, सगळं काट्यावर मिळतं आणि तिथले लोक डबा बघून चकित होत नाहीत. मुलीला पाकिटातलंच हवं असेल तर वाद घालू नका. पाच-पाच रुपयांची दहा पाकिटं आणण्याऐवजी मोठं एक आणून डब्यात ओता. पाचवर्षीय माणसाशी पर्यावरणावर चर्चा करून मी एकदा हरलेली आहे.

भाजीचं गणित वेगळं आहे. गावदेवी मंडईत किंवा जांभळी नाक्यावर भाजी सुटीच असते. पिशवी येते ती तुमच्या आणि भाजीवालीच्या मधल्या चार सेकंदांत. तुम्ही 'अर्धा किलो भेंडी' म्हणता, तिचा एक हात भेंडीकडे जातो आणि दुसरा पिशव्यांच्या झुबक्याकडे. नंतर तुम्ही 'पिशवी नको' म्हणता, तोवर भेंडी आत पडलेली. म्हणून आधी कापडी पिशवी उघडून पुढे धरायची आणि मगच भेंडीचं नाव काढायचं. महाराष्ट्रात २०१८ पासून हातात धरायच्या प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे आणि पहिल्या खेपेचा दंड पाच हजार रुपये. तो भरावा लागला तर तिचा आठवडा गेला. पिशव्यांचं पुडकंही ती पदरच्या पैशांनी आणते. त्यामुळे तुमच्या पिशवीने तिचं नुकसान काहीच नाही, उलट ती कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्त टाकते. फक्त त्याच दमात घासाघीस करू नका.

प्रत्येक भाजीला वेगळी पिशवी लागते हा गैरसमज आहे. कांदे-बटाटे-दुधी तळाला, त्यावर गवार, भेंडी, फरसबी एकत्र. घरी आल्यावर दहा मिनिटांत निवडून होतं. टोमॅटोला आणि मिरची-आलं-लिंबाला मात्र दोन छोट्या जाळीच्या पिशव्या असाव्यात. पालेभाजी जुडीने मिळते, तिला तोलायचंही नसतं. घरी ओलसर पंच्यात गुंडाळून ठेवली की तीन-चार दिवस टिकते. मासे-मटणाला झाकणाचा स्टीलचा डबा. काळ्या पातळ पिशवीतून मासे आणणं मला तसंही कधी पटलं नाही, ती कुठल्या जुन्या प्लास्टिकची असेल देव जाणे. कोळीणबाईला डबा दाखवला की ती मासे कापून थेट त्यात टाकते, आणि पिशवीतून पाणी गळून लिफ्टमध्ये वास येण्याचा प्रकारही थांबतो.

आता किराणा, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे.

दुकानदार का हसला? माझा अंदाज आहे, तुम्ही शनिवारी किंवा रविवारी संध्याकाळी गेलात, तेही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. त्या वेळी त्याच्यासमोर सात गिऱ्हाइकं असतात, फोनवर दोन याद्या चालू असतात, आणि तुम्ही आठ डबे गल्ल्यावर मांडता. तो हसला हे चांगलंच म्हणायचं. गर्दीच्या वेळी माल पटकन देता यावा म्हणूनच तो दुपारच्या निवांत वेळी पोऱ्याला बसवून अर्ध्या आणि एक किलोच्या पिशव्या बांधून ठेवतो. म्हणजे गोणीतला माल सुटाच असतो, तो पिशवीत जातो तो तुमच्या-माझ्या घाईपायी. हे मला कळायला दोन वर्षं लागली आणि एक फजिती. मी डबे देऊन गेले, तासाभराने भरलेले डबे घेऊन आले आणि मोठ्या समाधानाने पैसे देत होते, तेवढ्यात गल्ल्याखाली लक्ष गेलं. फाडलेल्या पिशव्यांचा ढीग. बिचाऱ्याने बांधून ठेवलेल्या पिशव्या एकेक फाडून माझ्या डब्यांत ओतल्या होत्या. पर्यावरणाची सेवा झाली.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. महिन्याच्या १० ते २० तारखेच्या मधला आठवड्याचा कुठलाही दिवस. आदल्या दिवशी संध्याकाळी यादी आणि रिकाम्या कापडी पिशव्या दुकानात ठेवायच्या. प्रत्येक पिशवीवर मार्करने जिन्नस आणि वजन लिहिलेलं: तूरडाळ २, मूगडाळ १, साखर ३, पोहे १. एवढंच सांगायचं, 'गोणीतलं भरा, मला घाई नाही.' दुसऱ्या दिवशी परतताना उचलायच्या. दोघं नोकरीला असाल तर हे जास्तच सोयीचं, कारण रांगेत उभं राहणं वाचतं. दोन-तीन महिने हे नियमित झालं की पिशव्या तुमच्या राहतात आणि सवय त्याची होते. हे कोपऱ्यावरच्या, मालक स्वतः गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानातच जमतं. चकचकीत मॉलमध्ये सुट्या धान्याचे पिंप असतात, पण वजनाचं लेबल चिकटवायला त्यांची प्लास्टिकची पिशवीच लागते, आणि तिथल्या मुलाला नियम मोडायचा अधिकार नसतो. घोडबंदरला असं दुकान शेजारी नसेल तर दोन किलोमीटरच्या आत शोधा, जुन्या गावठाणांच्या बाजूला नक्की सापडतं. ठाण्याहून मुंबईच्या दुसऱ्या टोकाच्या 'झीरो वेस्ट' दुकानात गाडी काढून जायचं आणि काचेच्या बरणीत पाव किलो राजमा आणायचा, यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

डब्यांऐवजी पिशव्या का म्हणते? एक म्हणजे वजन. आठ स्टीलचे डबे रिकामेच तीन-चार किलो होतात. दुसरं म्हणजे काटा. पातळ कापडी पिशवी तीस-चाळीस ग्रॅमची असते, आणि ती वजा न करता तोललं तर तूरडाळीच्या भावाने पाच-सहा रुपये दर पिशवीला जातात. इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी रिकामी पिशवी ठेवून आकडा शून्यावर आणायला सांगा, त्याला ते एका बटणाचं काम आहे. डबाच न्यायचा असेल, तूप-गुळासाठी किंवा मासळीसाठी, तर माझ्या आईची युक्ती वापरा. भांड्यांच्या दुकानात भांड्यावर नाव घालून देतात ना, तिथे तिने डब्याच्या तळाला नावाबरोबर डब्याचं वजनही घालून घेतलं होतं. '४१०' असं कोरलेला तो डबा अजून माझ्याकडे आहे, आणि त्यावर आजतागायत एकाही वाण्याने वाद घातलेला नाही.

पिशव्या शिवताना कापड बघा. डाळी, कडधान्यं, तांदूळ यांना जुनी सुती साडी किंवा धोतर चालतं. रवा, बेसन, पिठीसाखर मलमलमधून गळते, त्याला पॉपलीन किंवा जुन्या शर्टाचं घट्ट कापड हवं. नवीन पिशव्यांचा संच विकत घेऊ नका. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये हिशेब मांडला होता, की बाजारहाटाची सुती पिशवी तापमानवाढीच्या बाबतीत साध्या प्लास्टिकच्या पिशवीला वरचढ ठरायची, तर ती १३१ वेळा वापरावी लागते. कापसाला पाणी लागतं, खत लागतं, औषधं लागतात. दर समारंभात वाटल्या जाणाऱ्या कापडी पिशव्यांचा गठ्ठा कपाटात पडून असेल, तर त्यातली प्रत्येक अजून कर्जात आहे असं समजा. आणि ती कापडासारखी दिसणारी, ठिपक्या-ठिपक्यांची रंगीत पिशवी? मिठाईवाले, साडीवाले देतात ती? ते कापड नसून प्लास्टिकच आहे, पॉलिप्रॉपिलीन. कोपरा जाळून बघितलात तर राख न होता गोळी होते. टिकेपर्यंत वापरा, पण नवी मागून घेऊ नका.

या सगळ्यात एक जागा अशी आहे जिथे आपण पिशवीचा विचारसुद्धा करत नाही, आणि ती म्हणजे पिठाची गिरणी. डबा घेऊन जायचं, चिठ्ठी लावायची, संध्याकाळी आणायचा. शंभर वर्षांनंतर कुणी 'रिफिल' नावाची कल्पना काढली म्हणून आपण तिचं कौतुक करतोय. गहू सुटा आणून गिरणीत दिलात, तर महिन्याला पाच किलोच्या पिठाची दोन जाड पाकिटं वाचतात, आणि पिठाची चव वेगळी लागते ती वेगळीच. लोकवन किंवा सिहोर घ्या, मुलांच्या डब्यातल्या पोळ्या दुपारपर्यंत मऊ राहतात.

गव्हाचा अख्खा कट्टा घ्यायचा असेल तर मजल्यावरच्या शेजाऱ्यांना धरा. आमच्या इमारतीतली सहा घरं मार्च-एप्रिलमध्ये गहू, फेब्रुवारीच्या सुमारास नवी तूरडाळ आणि दिवाळीनंतर तांदूळ एकत्र घेतात आणि कुणाच्या तरी हॉलमध्ये चादर घालून वाटून घेतात. यात नवं काहीच नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली ती याच तत्त्वावर: शेजारपाजारच्या घरांचा एक संघ, महिन्याची एकत्र मागणी, एका घरी माल उतरवायचा आणि सगळ्यांनी मिळून वाटायचा. त्या लोकांचा रोख भेसळ आणि साठेबाजीवर होता, प्लास्टिक तेव्हा प्रश्नच नव्हता. पण मालाची घाऊक खरेदी केली की पॅकिंग आपोआप कमी होतं, हा त्याचा फुकटचा फायदा.

किड्यांबद्दल. किडे तुमच्या डब्यात जन्मत नाहीत, बहुतेक वेळा अंडी धान्याबरोबरच येतात आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत फुटतात. म्हणून आणलेलं धान्य जुन्या धान्यावर ओतायचं नाही. डबा रिकामा करून, पुसून, उन्हात ठेवून मगच भरायचा. एकविसाव्या मजल्यावर ऊन कुठलं, असं म्हणाल, तर सोसायटीची गच्ची मे महिन्यात दोन दिवस मागून घ्या. तूरडाळ आणि तांदळाला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळायचं, वापरताना धुतलं की जातं. गहू धूत नसल्यामुळे त्यात कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला घालायचा. रवा, बेसन, मैदा यांचा जून ते सप्टेंबर साठा करूच नका, पंधरा दिवसांपुरतं आणा. फ्रीजरमध्ये तीन-चार दिवस ठेवून मग डब्यात भरलंत तर आणखी चांगलं, फक्त बाहेर काढल्यावर गारवा पूर्ण जाईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर ओल धरते. पाऱ्याच्या गोळ्या मात्र नकोत. अजूनही विकतात, पुष्कळ घरांत डब्याच्या तळाशी सापडतात, पण पारा हे विष आहे आणि फडक्यात बांधून ते बदलत नाही. बोरिक पावडरचंही तसंच, झुरळांसाठी ठीक, लहान मुलीच्या भातासाठी नको.

पॅकिंग टाळण्याच्या उत्साहात दोन-तीन ठिकाणी थांबायला हवं. खाद्यतेल सुटं घेऊ नका. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळल्याने माणसं दगावली, आणि त्यानंतर सुटं तेल विकण्यावर कायद्याने बंधनं आली. ती बंदी शहाणपणाची आहे. तेल घ्यायचं तर पाच लिटरचा कॅन, किंवा दोन घरांत मिळून १५ किलोचा पत्र्याचा डबा घ्या. पत्र्याचा डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागते, नाहीतर भंगारात भाव मिळतो. लिटरच्या पातळ पाउचपेक्षा कुठलीही गोष्ट बरी.

तिखट-हळदीचंही असंच. दळलेली पूड सुटी घेतली तर आत काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. अख्खी मिरची, अख्खे धणे, हळकुंड सुटं घ्या, हातात घेऊन वास घ्या, आणि कांडपावर कुटून आणा. एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मिरची गल्लीत एक सकाळ काढलीत तर ब्याडगी, संकेश्वरी, पांडी यांची तुमच्या जिभेला बसणारी सांगड तिथले लोकच घालून देतील. वर्षाचा मसाला होतो, आणि प्लास्टिकच्या बारा-पंधरा पुड्या टळतात. शिंका येतील, त्याला इलाज नाही.

तिसरी गोष्ट रद्दीच्या पुड्या. लहानपणीच्या आठवणी आहेत म्हणून लोकांना त्या पर्यावरणस्नेही वाटतात. पण छपाईच्या शाईतली रसायनं अन्नात उतरतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं सांगितलेलं आहे. गरम भजी तर नाहीच नाही. कागद हवाच असेल तर कोरा, खाकी.

'कंपोस्टेबल' लिहिलेल्या हिरव्या पिशव्यांवरही फार विसंबू नका. त्यांना कुजायला मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते. गच्चीवरच्या खताच्या पिंपात त्या महिनोन्‌महिने तशाच बसतात, आणि भंगारात गेल्या तर चांगल्या प्लास्टिकचा लॉट खराब करतात. मी एक पिंपात पुरून ठेवली होती. पुढच्या दिवाळीला बाहेर काढली तेव्हा दुकानाचं नाव अजून वाचता येत होतं.

महाग पडेल का? माझ्या अनुभवात किराण्याचं बिल थोडं उतरतं. ब्रँडची पिशवी, तिची छपाई, जाहिरात यांचे पैसे सुट्या मालात नसतात. शिवाय जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठांवर ५ टक्के जीएसटी लागला, गोणीतल्या सुट्या मालावर तो नाही. पण सुटा माल बघून घ्यावा लागतो. डाळ मुठीत घेऊन चोळा. फार चकचकीत असेल तर तेलाचं किंवा पाण्याचं पॉलिश आहे. तांदूळ जुना की नवा ते विचारा आणि सांगितलेल्यावर विश्वास न ठेवता दोन दाणे चावा. पहिल्या दोन महिन्यांत एखादी डाळ चुकेल, शिजायला वेळ घेईल. तेवढ्याने परत पाकिटाकडे वळू नका, दुकानदाराला जाऊन सांगा. पुढच्या खेपेला तो स्वतःच 'ही नको, ती घ्या' म्हणतो, आणि ही सोय पाकिटावर छापलेली नसते.

खर्च वाढतो तो दुसरीकडे: एकदम खूप आणून वाया घालवण्यात. गच्च भरलेल्या फ्रीजमधली सडलेली मेथी, बुरशी आलेली अर्धी पावाची लादी, यांच्यामागे शेत, पाणी, ट्रक, सगळं असतं. त्यापुढे ती मेथी ज्यातून आली ती पातळ पिशवी किरकोळ आहे. माझ्या व्यवसायातल्या माणसाने हे कबूल करणं जरा अवघड जातं, पण ओल्या कचऱ्याच्या डब्यात अख्ख्या, न चिरलेल्या भाज्या दिसतात तेव्हा मला सुक्या डब्याची काळजी वाटेनाशी होते. आठवड्यातून दोनदा थोडी-थोडी भाजी आणा, एकदाच भरपूर नको.

दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या ॲपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचा चौथा ढीग बोलेलच. ॲप काढून टाका असं मी म्हणणार नाही. ताप आलेल्या मुलीला घेऊन बसलेल्या आईला मी मंडईत पाठवणार नाही. पण रात्री नऊ वाजता 'अरे, जिरं संपलं' म्हणून मागवलेलं जिरं शंभर ग्रॅमच्या पाकिटात, ते एका पिशवीत, आणि किमान रक्कम भरायची म्हणून सोबत दोन चॉकलेटं, असं येतं. यावर माझ्याकडे एकच तोडगा आहे, तोही साधा: प्रत्येक जिन्नसाचा एक छोटा राखीव डबा. मोठा डबा संपून राखीव उघडला की त्याच क्षणी फ्रीजवरच्या यादीत नाव लिहायचं. जिरं संपण्याच्या आधी पंधरा दिवस कळतं. आमच्याकडे ही यादी लिहिण्याचं काम नवऱ्याकडे आहे. त्याचं अक्षर वाण्यालाच लागतं, मला नाही.

राहिला डब्यांचा प्रश्न. सध्या एकही विकत घेऊ नका. माळ्यावर पाहा, सासू-आईकडे विचारा. प्रत्येक मराठी घरात आहेरात आलेले, न वापरलेले स्टीलचे डबे असतातच. लोणच्याच्या, मधाच्या, कॉफीच्या रिकाम्या बरण्या फार रुंद तोंडाच्या नसल्या तरी मोहरी-जिऱ्याला पुरतात. तीन महिने सुटा किराणा आणून झाल्यावर कुठल्या मापाचे किती डबे खरंच कमी पडतात ते समजेल. बहुतेकांना पाच किलोचा गव्हाचा एक, आणि दोन किलोचे दोन, एवढेच कमी पडतात. घ्याल तेव्हा झाकण घट्ट बसणारे, तळ सपाट असलेले घ्या, आणि वजन कोरून घ्यायला विसरू नका.